बटण दाबलं की लगेच चालू होणारा गेमिंग पीसी असेंबल करायचाय, पार्ट कुठले घेऊ?

पाळीवाला_परळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. माझी ड्युटी शिफ्टची, सेकंड शिफ्ट असली की घरी परळला पोचायला साडेदहा होतात, जेवून वगैरे अकरा. धाकटा भाऊ नाशिकला शिकतो, तो अकराला ऑनलाइन येतो आणि बाराला झोपतो कारण सकाळी सातला त्याचं कॉलेज. म्हणजे आमच्या दोघांच्या हातात मोजून एक तास. त्या तासात आम्ही व्हॅलोरंट खेळतो आणि खेळता खेळताच घरचं बोलणं होतं, आईच्या गोळ्या, त्याच्या रूमचं भाडं, परीक्षा कशी गेली. नुसता फोन केला की तो हो-नाही करून ठेवून देतो, खेळताना मात्र बोलतो. म्हणून हा तास मला महत्त्वाचा आहे.

आता त्यातली पहिली सहा-सात मिनिटं माझा पीसी खातो. २०१४ चा आहे, चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. डेस्कटॉप दिसला तरी माउस हलत नाही, डिस्कचा लाल दिवा पेटलेलाच, गेम उघडेपर्यंत भाऊ तीन वेळा "दादा आलास का" लिहितो.

तर दोन वर्षं पैसे बाजूला काढून ८० हजार जमवलेत, त्यात नवीन असेंबल करायचाय. मॉनिटर जुनाच चालवीन, १०८०पी ६० हर्ट्झ. एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले जेन५ एसएसडी घ्या, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी चिपवाली, पाचव्या पिढीची, पाच सेकंदात विंडोज येईल, बाकी पार्ट साधे चालतील. खरंय का हे? एएमडी घेऊ की इंटेल? आणि खोली दहा बाय पंधरा आहे, आई तिथेच झोपते, त्यामुळे पंख्यांचा आवाज नको. सांगा प्लीज, पैसे एकदाच खर्च होणारेत.

---

ठाणे_सोल्डर

जेन५ घेऊ नकोस. ते पैसे दुसरीकडे लागणारेत तुझे, का ते नीट सांगतो, थोडं लांब होईल पण एकदा कळलं की बाकीचे निर्णय तुझे तुलाच घेता येतील.

तू बटण दाबतोस तेव्हा लगेच विंडोज सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचा बायॉस उठतो, आता त्याला युईएफआय म्हणतात, तो प्रोसेसर तपासतो, मग रॅम तपासतो आणि रॅमशी कुठल्या टायमिंगने बोलायचं ते जमवून घेतो, मग ग्राफिक्स कार्ड, मग यूएसबीला काय काय लावलंय ते बघतो, मग कुठल्या डिस्कवर विंडोज आहे ते शोधतो. इथपर्यंत एसएसडीला जवळपास काहीच काम नसतं! त्यानंतर विंडोज लोड होतं, तिथे एसएसडीचं काम. आणि लॉगिन झाल्यावर तू मागे जमवून ठेवलेले दहा-पंधरा प्रोग्राम आपोआप उघडायला लागतात, तो तिसरा टप्पा. लोक मधल्याच टप्प्यावर सगळे पैसे ओततात आणि मग म्हणतात फरक पडला नाही.

हार्ड डिस्क इतकी स्लो का ते बघ. ७२०० आरपीएम म्हणजे तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, हवा तो डेटा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात डोकं सरकायचा वेळ मिळवला की एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला साधारण ७५-८० ठिकाणचं वाचून होणार, बस. आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फायली वेगवेगळ्या ठिकाणाहून उचलतं. एसएसडीत हलणारं काहीच नाही, तिथे एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होतं. म्हणून हार्ड डिस्कवरून साध्यातल्या साध्या एसएसडीवर गेलास तरी मिनिटांचे सेकंद होतात.

पण पुढे मात्र गंमत संपते. साटा एसएसडी (केबलने जोडायची, जुनी जात) सेकंदाला साडेपाचशे एमबी वाचते, जेन३ एनव्हीएमई (थेट बोर्डवर खोचायची) साधारण ३५००, जेन४ सात हजारपर्यंत, जेन५ दहा हजारच्या वर. हे आकडे मोठी सलग फाइल वाचतानाचे आहेत. बूटच्या वेळी सलग वाचन कमीच असतं, आणि वाचलेलं उलगडून कामाला लावायचं काम प्रोसेसरचं असतं. त्यामुळे साटा आणि जेन४ मधे बूटला एखाद-दोन सेकंदांचा फरक, जेन४ आणि जेन५ मधला तर हातातल्या घड्याळाने सापडणारही नाही. वर जेन५ जास्त तापते, मोठा हीटसिंक लागतो. आणखी एक, इंटेलच्या १२व्या, १३व्या, १४व्या पिढीत प्रोसेसरकडून एम.२ स्लॉटला (एनव्हीएमई बसते ती खाच) जेन४ च्याच लेन, म्हणजे डेटाचे रस्ते, मिळतात, जेन५ च्या लेन ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटसाठी आहेत. तू स्वस्त इंटेल बोर्डवर महाग जेन५ लावलीस तर ती जेन४ सारखीच चालणार. दुकानात हे सांगितलं का तुला?

माझ्या मते १ टीबी, जेन४ मधली मधल्या किमतीची, टीएलसी वाली घे, म्हणजे चिपच्या एका पेशीत तीन बिट ठेवणारी. क्यूएलसी, चार बिटवाली, थोडी स्वस्त मिळते पण भरत आली की लिहिताना फार मंदावते. आणि कुठलीही घेतलीस तरी पंधरा-वीस टक्के मोकळी ठेव.

---

लालबाग_नऊ_नंबर

नवीन येईपर्यंत काय करणार? जुन्याला आत्ताच अडीच इंची साटा एसएसडी लाव, २५० जीबीची, जुन्या कॅबिनेटमधे बसते, केबल आतच असते. चौथ्या पिढीच्या बोर्डला साटा ३ आहे. शनिवारी एक तासाचं काम. भावाची वाट बघणं आजच थांबेल. नंतर तीच एसएसडी नव्या पीसीत गेमसाठी लाव.

---

बोरिवली_बिल्ड

सोल्डर दादांनी एसएसडीचं सांगितलंच, मी रॅमचं सांगते कारण त्यात मी स्वतः पोळलेय.

गेल्या वर्षी मी एएम५ वर, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसायची जागा), पीसी बांधला, रायझन ५ ७६०० प्रोसेसर, डीडीआर५ ६००० सीएल३० रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन काड्या. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, काहीच नाही. मला वाटलं बोर्ड गेला. बंद केला, रॅम काढली, परत लावली, परत चालू, परत काळी. असं चार वेळा केलं, रात्री दीडपर्यंत रडकुंडीला आले होते. शेवटी कंटाळून चालूच ठेवला आणि चहा टाकायला गेले, येऊन बघते तर स्क्रीनवर बायॉस! डीडीआर५ ला पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग लागतं, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम एकमेकांशी किती वेगात, कुठल्या व्होल्टेजवर नीट बोलू शकतात ते हजार वेळा करून बघतात, त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीच येत नाही. मी दरवेळी मधेच बंद करत होते म्हणून ते पहिल्यापासून सुरू होत होतं. तर पहिला धडा, पहिल्यांदा चालू केल्यावर हात लावायचा नाही, निदान दहा मिनिटं तरी.

दुसरं तुझ्या प्रश्नाचं. नंतरही रोज सकाळी चालू करताना चाळीस सेकंद काळी स्क्रीन यायची आणि मग विंडोज पटकन. म्हणजे एसएसडी बिचारी तयार, रॅमचं ट्रेनिंग दर वेळी नव्याने. बायॉसमधे मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाचं एक ऑप्शन असतं, ते चालू केलं की आधीच्या ट्रेनिंगचे आकडे जपून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेच वापरले जातात. त्याच्यासोबत पॉवर डाउन एनेबल हेही चालू ठेवायचं, नाहीतर काही जणांना ब्लू स्क्रीन येतात. मी आधी बायॉस अपडेट केला, मग दोन्ही चालू केले, चाळीसचे पंधरा-सोळा सेकंद झाले. नंतर एक रात्रभर मेमटेस्ट, रॅम तपासायचा प्रोग्राम, लावून ठेवला, एकही एरर नाही, तेव्हा जिवात जीव आला. हे टेस्ट करणं सोडू नकोस, कारण जुने आकडे चुकीचे बसले तर फाइल करप्ट होतात आणि ते लगेच कळतही नाही.

आणि चार काड्या लावू नकोस, दोनच. एएम५ वर चार काड्या लावल्या की स्पीड फार खाली येतो, ३६०० वर सुद्धा, आणि ट्रेनिंग आणखी लांबतं.

तरी मी एएम५ च सांगीन. एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही हा सॉकेट चालवू असं सांगितलंय, म्हणजे तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. पैसे एकदाच खर्च होणारेत म्हणतोस म्हणून सांगतेय.

---

ठाणे_सोल्डर

ताईंचं एएम५ बद्दलचं बरोबर आहे, पण या मुलाच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. रॅमचे भाव बघताय ना? २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि डीडीआर५ चे भाव कुठल्या कुठे गेले. डीडीआर४, आधीच्या पिढीची रॅम, पण वाढलीय, पण जुन्या स्टॉकमधे किंवा सेकंडहँडमधे ती अजून मिळते. ८० हजारात ३२ जीबी डीडीआर५ घेतली तर ग्राफिक्स कार्डला काय उरणार.

म्हणून मी म्हणतो इंटेलचा आय५ १२४००, बी७६० चिपसेटचा डीडीआर४ वाला बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन काड्या ३२०० स्पीडच्या. सहा कोर, बारा थ्रेड, व्हॅलोरंटला भरपूर. बोर्ड घेताना खोक्यावर डी४ लिहिलंय का बघ, एकाच नावाचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन बोर्ड येतात आणि एकाची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. डीडीआर४ चं ट्रेनिंग पटकन उरकतं, त्यामुळे काळ्या स्क्रीनची भानगडच नाही. हो, पुढे अपग्रेडला १४व्या पिढीपर्यंतच जाता येईल, त्या सॉकेटला त्याच्यापुढे रस्ता नाही. ते मान्य करूनच घ्यायचं.

१२४०० चा एफ वाला आणि बिन एफचा यात हजार-दीड हजाराचाच फरक असेल तर बिन एफचा घे. एफमधे आतलं ग्राफिक्स नसतं, उद्या कार्ड वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर महिनाभर पीसी बंद राहील. बिन एफवर निदान भावाशी बोलणं तरी चालू राहील, आणि व्हॅलोरंट लो सेटिंगवर त्या आतल्या ग्राफिक्सवरही चालतं.

आणि मॉनिटर! ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार, तुझं कार्ड ३०० काढू दे नाहीतर ५००. जेन५ चे पैसे वाचवून चोवीस इंची १६५ किंवा १८० हर्ट्झचा घे. नेमबाजीच्या गेमला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

---

गिरगाव_काका

एवढं सगळं कशासाठी? पीसी बंदच करू नये. स्लीपवर टाकावा. माझा गेली सहा वर्षं स्लीपवरच असतो, कीबोर्डचं बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत जिथे सोडलं तिथून चालू. स्लीपमधे वीज दोन-चार वॅटच जाते, मोबाइलच्या चार्जरएवढी.

---

पाळीवाला_परळ

काका, स्लीपचं मीही बघितलं होतं, पण आमच्याकडे आई झोपायच्या आधी सगळ्या बोर्डांची बटणं बंद करते. लहानपणी चाळीत एकदा शॉर्टसर्किट होऊन वरच्या मजल्यावर आग लागली होती, तेव्हापासूनची सवय आहे तिची, आणि मला ती मोडायची नाहीये. म्हणून पूर्ण बंद करूनच पटकन चालू व्हायला हवा.

---

गिरगाव_काका

मग आईचं बरोबर आहे, तसंच राहू द्या. हायबरनेट करा. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पीसी खरोखरच बंद होतो, बटण काढलं, लाइट गेले, काही बिघडत नाही. चालू केल्यावर उघडलेल्या खिडक्यांसकट परत येतो. एसएसडीवर त्याला फार वेळ लागत नाही. फक्त लाल दिवा विझेपर्यंत बटण बंद करू नका म्हणावं आईंना.

आणि बोर्डचं बटण रोज बंद होणार असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, लवकर उतरेल, कारण तेवढा वेळ घड्याळ त्याच्यावरच चालतं. तारीख मागे जायला लागली किंवा दर वेळी एफ१ दाबा असं आलं की तो बदलायचा, वाण्याकडेही मिळतो.

---

ठाणे_सोल्डर

काकांनी हायबरनेट काढलंच आहे तर त्याचा चुलतभाऊ सांगतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय आहे. शटडाउन केलंस की तुझे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर एका फाइलमधे लिहून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. म्हणून शटडाउन खरं तर अर्धंच असतं. रीस्टार्ट मात्र पूर्ण असतं, त्यामुळे काही अडलं तर रीस्टार्ट करायचं, बंद-चालू करून उपयोग नाही. आणि बाजूला लिनक्स टाकणार असशील तर फास्ट स्टार्टअप बंद ठेव, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्यावर लिहिता येत नाही.

बायॉसमधलं फास्ट बूट हे वेगळं. नाव सारखं म्हणून लोक गोंधळतात. ते चालू केलं की बायॉस काही तपासण्या गाळतो. त्याच्यातच अल्ट्रा फास्ट असेल तर तो यूएसबी कीबोर्डही उठवत नाही, मग डिलीट दाबून बायॉसमधे जाता येत नाही. घाबरू नकोस, विंडोजमधून शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलंस की तिथून बायॉसमधे जायचं ऑप्शन मिळतं. तरी मी साधं फास्ट बूटच ठेव म्हणीन.

सीएसएम बंद कर, ते जुन्या पद्धतीच्या बूटसाठी असतं आणि उगाच वेळ घेतं. विंडोज ११ ला तसंही युईएफआय, सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटची अँटीचीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम, पण सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू नसेल तर गेम उघडू देत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, नव्यावर ११ च टाक. पेन ड्राइव्हवरून टाकायच्या आधी सीएसएम बंद कर, म्हणजे डिस्क आपोआप जीपीटी (युईएफआयला लागणारी मांडणी) होईल, नंतर बदलायचा ताप नको.

सगळं झालं की टास्क मॅनेजरमधे स्टार्टअप अ‍ॅप्स उघड, वर उजवीकडे लास्ट बायॉस टाइम लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी गेलेला वेळ. तो मोठा असेल तर दोष बायॉस, रॅम किंवा यूएसबीचा, लहान असूनही उशीर होत असेल तर विंडोज आणि तुझे प्रोग्राम. आधी हे बघायचं आणि मग पैसे खर्च करायचे. माझ्या एका मित्राचा आकडा ३५ होता, मागे कायम लावून ठेवलेली जुनी एक्सटर्नल हार्ड डिस्क काढली, बारावर आला.

त्याच यादीत गेमचे लाँचर, चॅट, रंगीत दिव्यांचे सॉफ्टवेअर, सगळं डिसेबल कर. दिव्यांवाले सगळ्यात वाईट, एका पट्टीसाठी तीन-चार सर्व्हिस मागे चालू ठेवतात. फक्त व्हॅलोरंटची अँटीचीट तिथे राहू दे, ती बूटपासून चालू लागते.

---

लॅमिंग्टन_वारी

खरेदीचं मी सांगतो, दर दोन-तीन महिन्यांनी कोणासाठी तरी जातोच. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. परळहून तुला प्रभादेवीला येऊन वेस्टर्नची स्लो पकडली की झालं. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक शटर बंद. सुट्टी वीकडेला असेल तर अकरा-साडेअकराला पोच, दुपारनंतर गर्दी होते आणि मग कोणी नीट बोलत नाही.

पहिल्या फेरीत काहीच विकत घ्यायचं नाही. पूर्ण यादी मॉडेल नंबरसकट कागदावर लिहून चार दुकानांतून कोटेशन घ्यायचं. नुसतं "१ टीबी एसएसडी" लिहिलंस तर जी पडून आहे ती मिळेल. सगळ्यांना सांगायचं की जीएसटी बिलासकटचा भाव द्या, १८ टक्के नंतर चढवले की स्वस्त वाटलेलं महाग होतं. बिल नाही तर वॉरंटीला गेल्यावर हात वर करतात. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घे. खोकं तुझ्यासमोर उघडायला लाव, प्रोसेसर खोक्यातलाच माग, ट्रे वाला, म्हणजे खोक्याविना सुटा, असेल तर वॉरंटी किती आणि कोण देणार ते बिलावर लिहून घे. ग्राफिक्स कार्डला इंडिया वॉरंटी आहे का हे विचारायलाच हवं, बाहेरून आणलेला माल दोन हजारांनी स्वस्त असतो आणि बिघडला की कोणी वाली नाही.

पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नकोस, कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो तर मुळीच नको. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० घेतलंस तर ते १४५ वॅटचं आहे, १२४०० जोरात चालला तर ११७ पर्यंत जातो, बाकीचं धरून तीनशेच्या आसपास. चांगला ५५० वॅटचा ब्राँझ (वीज किती कमी वाया जाते त्याचा दर्जा) पुरेल.

आवाजाचं म्हणशील तर जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट आणि दोन-तीन मोठे १२० चे पंखे हळू फिरवलेले, हे एका छोट्या जोरात फिरणाऱ्या पंख्यापेक्षा कितीतरी शांत. १२४०० सोबत मिळणारा कूलर गेममधे थोडा घोंघावतो, एक साधा टॉवर कूलर लाव, आईला झोप लागेल. कार्ड असं बघ ज्याचे पंखे थंड असताना बंद राहतात.

पावसाळ्याचं एक. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच, पीसी आठवडाभर बंद राहिला की रॅमच्या पिवळ्या पट्ट्यांवर थर येतो आणि बीप वाजवत बसतो. खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या. आणि तळमजला असेल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नकोस. २६ जुलै २००५ ला आमच्या कुर्ल्याच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं, तेव्हापासून मी टेबलाखाली काही ठेवलेलं नाही.

---

पाळीवाला_परळ

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

लालबागवाल्यांचं ऐकून त्याच शनिवारी जुन्याला २५० ची साटा एसएसडी लावली. स्टॉपवॉच लावून मोजलं, आधी बटण ते गेमचा मेनू सहा मिनिटं चाळीस सेकंद होते, नंतर एक मिनिट पाच सेकंद. मी दोनदा मोजलं, खोटं वाटत होतं. त्या रात्री भाऊ म्हणाला आज सुट्टी होती का तुला.

मग दोन फेऱ्या मारल्या लॅमिंग्टन रोडला. कोटेशनमधे सगळ्यात वरच्या आणि खालच्या दुकानात सहा हजारांचा फरक निघाला, यादी तीच! घेतलं ते असं: आय५ १२४०० बिन एफचा, बी७६० डीडीआर४ बोर्ड, ८-८ च्या दोन काड्या, जेन४ १ टीबी टीएलसी, आरटीएक्स ५०६०, ५५० चा ब्राँझ, जाळीचं कॅबिनेट, टॉवर कूलर. ताई, एएम५ वर खूप विचार केला, कागदावर दोन्ही याद्या मांडल्या, पण रॅमचा भाव ऐकून मागे आलो. मॉनिटर आत्ता बजेटात बसला नाही, दिवाळीला बोनसवर घेईन.

जोडायला साडेतीन तास लागले, पहिल्या बटणाला चालू झाला. सीएसएम आधीच बंद केला, विंडोज ११, रॅमचं एक्सएमपी (ती पूर्ण स्पीडने चालवायचं सेटिंग) चालू, फास्ट बूट साधं. लास्ट बायॉस टाइम ९.४ सेकंद. बटण ते डेस्कटॉप १७, बटण ते गेमचा मेनू ४२. पहिल्या दिवशी बायॉस टाइम १६ दाखवत होता, मग कळलं जुना प्रिंटर यूएसबीला लावलेला होता, तो काढला.

आवाज इतका कमी आहे की आईने परवा विचारलं चालू केलास का नाही अजून.

एकच शंका उरलीय. जुन्यातली साटा एसएसडी नव्यात लावावी असं ठरलं होतं, पण भावाच्या रूमवर पीसी नाही, तो मित्राच्या लॅपटॉपवर खेळतो. जुना पीसी एसएसडीसकट त्यालाच पाठवायचा विचार आहे. विंडोज १० चा सपोर्ट संपलाय आणि चौथ्या पिढीवर ११ अधिकृतपणे येत नाही, मग त्यावर काय टाकू? त्याला कॉलेजचं कोडिंग पण करायचंय.

---

बोरिवली_बिल्ड

लिनक्स मिंट टाक, ८ जीबीवर छान चालतं आणि कोडिंगला तर विंडोजपेक्षा बरं. फक्त व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, अँटीचीटमुळे, हे त्याला आधीच सांग. खेळायचंच असेल तर विंडोज १० ठेवावं लागेल, मग त्यावर बँकेचं वगैरे काही करायचं नाही. डिस्कचे दोन भाग करून दोन्हीही ठेवता येतील, २५० जीबी त्याला पुरतील, आणि सोल्डर दादांनी सांगितलं तसं विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करायला विसरू नकोस.

---

गिरगाव_काका

पाठवायच्या आधी सेल बदला. २०१४ चा आहे ना, तोच जुना सेल असेल. आणि कूलर काढून थर्मल पेस्ट नवी लावा, दहा वर्षांत तिची माती झाली असेल. पार्सल करताना ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून वेगळं बांधा. एसटीने पाठवणार असाल तर कॅबिनेटच्या आत वर्तमानपत्राचे बोळे भरू नका, शाई आणि धूळ पंख्यात जाते, बबल रॅप वापरा.

---

पाळीवाला_परळ

कार्ड नाहीये त्यात, आतल्याच ग्राफिक्सवर चालायचा. सेल आणि पेस्ट आणतो उद्या. पाठवत नाही, पुढच्या वीकली ऑफला मीच घेऊन जातो नाशिकला, त्याच्यासमोर दोन्ही टाकून देतो.